घरपोच बंदूक

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण एखाद्या विदुषीला बोलावतो, तिचे विचार ऐकतो आणि तिला नारळ देऊन निरोप देतो, असा आपला रिवाज आहे. यंदा मात्र चिटणीसबाई आमच्या पडवीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुम्हीच बोला." मी म्हटले, "अहो, मला फार तर लोणचे घालता येते. भाषण करायला मी काय जाणते?" त्यावर त्या हळूच म्हणाल्या, "गेल्या शिमग्यात तुमच्या घरी जे झाले, तेवढेच सांगा."

दोन दिवस मी होकार दिला नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशी मांडायची, असे मनात येत होते. तिसऱ्या दिवशी मनाने उलट प्रश्न केला, की ज्यांनी आम्हाला लुबाडले ते तर उजळ माथ्याने हिंडत असतील, मग तोंड लपवायचे ते आम्ही का? म्हणून आज उभी राहिले आहे. बोलण्यात चुकले तर सांभाळून घ्या.

विषय आहे बंदुकीचा. हळदीकुंकवाच्या ठिकाणी बंदूक कुठून आली, असे काहीजणींना वाटेल. परंतु आपल्या या भागात बंदूक ही काही दरोडेखोराचीच वस्तू नव्हे. ज्यांच्या आंब्याच्या आणि काजूच्या बागा आहेत त्यांच्या घरी पूर्वीपासून माळ्यावर किंवा खुंटीला एखादी ठासणीची बंदूक असे. दसऱ्याला कोयती-पारईबरोबर तिलाही झेंडूची माळ पडे. माकडे आणि वानरे कलमांवर उतरली की सासरे अंगणात येऊन हवेत एक बार काढीत, आणि सारी टोळी पऱ्यापलीकडे पळे. त्या आवाजाने माझी मुले पाळण्यात दचकून उठत, म्हणून मी कुरकुरत असे. आज त्या कुरकुरीचेही हसू येते.

ही बंदूक परवान्याची होती. आपल्या देशातला शस्त्रांचा कायदा १९५९ सालचा आहे आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यापूर्वी इंग्रजांचा १८७८ सालचा कायदा होता. त्यात एतद्देशीयाला परवान्याची सक्ती आणि गोऱ्याला मोकळीक, असा न्याय होता. स्वतंत्र भारताच्या कायद्याने तो भेद ठेवला नाही. शेताच्या राखणीसाठी खरोखरीच गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळावा, आणि तेवढ्याने भागणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली तर दुसऱ्या प्रकारच्या बंदुकीचाही मिळावा, अशी सोय या कायद्यातच आहे. मात्र परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नसतो. आमच्या घरात पहिली ठेच लागली ती हे ठाऊक नसल्यामुळे.

सासऱ्यांमागे परवाना माझ्या यजमानांच्या नावे झाला होता. चार वर्षांपूर्वी यजमान गेले. दिवसकार्य उरकले, आलेगेले परतले, आणि बंदूक आपली माळ्यावर तशीच. मला वाटे, घरची वस्तू घरात आहे, तिला कोण विचारतो? एके दिवशी थोरले भावजी आले आणि म्हणाले, "वहिनी, परवानेदार गेल्यावर बंदूक घरात ठेवणे हा गुन्हा आहे. उद्याच्या उद्या ठाण्यात जमा करा." त्यांचे बोलणे खरे होते. परवानेदाराच्या मृत्यूनंतर वारसांनी विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची असते. तेवढ्याने तिच्यावरचा आपला हक्क जात नाही. वारसाला आपल्या नावे परवाना मिळाला तर ती परत घेता येते, नाही तर परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला विकून पैसे घेता येतात. मात्र ठरलेल्या मुदतीत यांपैकी काहीच केले नाही तर ती सरकारजमा होते. विनापरवाना बंदूक बाळगल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कमीत कमी दोन वर्षांची कैद सांगितली आहे. म्हणून ज्यांच्या घरी अशी मागे राहिलेली बंदूक असेल त्यांनी आज घरी जाताच पहिले हे काम करावे.

आम्ही बंदूक जमा केली. मुलाने वारस म्हणून परवान्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज घातला. मृत्यूचा दाखला, सातबारा, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचा कागद, पोलिसांची चौकशी, अशा एकामागून एक पायऱ्या असतात. त्यात दिवस जातात. कचेरीला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्या वस्तूने माणूस मरू शकतो ती देताना सरकारने चार वेळा विचार केलाच पाहिजे. परंतु माकडांना हे कोणी सांगावे? गेल्या फाल्गुनात कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या नाहीत तोच टोळी उतरली. चावून टाकलेल्या कैऱ्यांचा खाली सडा पडे. खाण्यापेक्षा नासाडी अधिक. मुलगा पहाटेपासून डबा वाजवीत बागेत फिरे, आणि दुपारी जेवायला आला की त्याचा चेहरा बघवत नसे.

आणि अशा वेळी मोबाइलवर ती जाहिरात आली. 'शेतकऱ्यांसाठी बंदूक. परवान्यासह. घरपोच.' खाली चकचकीत बंदुकीचे चित्र आणि किंमत बावीस हजार रुपये. आधी फक्त अडीच हजार भरायचे, उरलेले वस्तू हातात पडल्यावर.

भगिनींनो, आपण बाजारात सुरमई घेताना कल्ला उचलून पाहतो. चार आण्यांच्या कोथिंबिरीसाठी पूर्वी घासाघीस करीत होतो, ती खोड अजून गेलेली नाही. त्याच आपल्या घरातली शहाणीसुरती मुले, ज्याचे तोंड पाहिलेले नाही अशा माणसाला पैसे कशी पाठवतात, याचे मला नवल वाटे. आता वाटत नाही. आपल्या वर्मावर नेमके बोट ठेवणारा माणूस भेटला की शहाण्याचीही बुद्धी चळते. मुलाने फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस गोड मराठीत बोलला. "तुम्ही आंबेवाले ना? माकडांचा त्रास मला ठाऊक आहे." झाले! जणू घरातलाच माणूस भेटला.

खात्री पटावी म्हणून त्याने एक शस्त्रपरवाना आणि एक आधारकार्ड मोबाइलवर पाठवले. ती मी नंतर पाहिली. त्यावर एका वृद्ध गृहस्थांचा फोटो होता. डोक्याला पांढरी टोपी, डोळ्यांत मोतीबिंदूची झाक. कोणा दूरच्या जिल्ह्यातला तो भला शेतकरी असावा. त्याने कधीतरी आपली बंदूक विकायला काढून कोणाला तरी कागद पाठवले असतील, आणि तेच कागद आता चोरांचे ओळखपत्र झाले होते. त्या बिचाऱ्याला आपल्या तोंडाने किती घरे लुटली गेली याची वार्ताही नसेल. तेव्हापासून माझा नियम असा, की आपला परवाना, आधारकार्ड, बँकेचे पुस्तक यांचा फोटो अनोळखी माणसाला कधीही पाठवायचा नाही, आणि अनोळखी माणसाने पाठवलेल्या कागदावर विश्वासही ठेवायचा नाही.

पुढची कथा तुम्ही ओळखलीच असेल. अडीच हजार गेले. दोन दिवसांनी निरोप आला, वाहतुकीच्या परवान्यासाठी चार हजार आठशे. मग विम्याचे सात हजार दोनशे, 'हे पैसे परत मिळणार आहेत.' प्रत्येक वेळी आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून पुढचे पैसे भरायचे. साडेचौदा हजार रुपये गेले आणि बंदूक काही आली नाही. आला तो पोलिसाचा फोन.

तो फोन चित्रासह होता. गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभाची मुद्रा, टेबलावर फायली. तो दरडावून म्हणाला, "तुझ्या नावाचे पार्सल पकडले आहे. त्यात बेकायदा हत्यार आहे. तुझ्या नावे वॉरंट निघाले आहे. फोन बंद करायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही. प्रकरण मिटवायचे असेल तर चाळीस हजार भर." तेवीस वर्षांचा पोर तो! बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठी काजूचे पैसे बाजूला ठेवले होते, ते त्याने भरले. एकंदर साडेचोपन्न हजार झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, आता एक लाख.

शिमग्याचे दिवस होते. पालखी दारात आली, ओट्या भरल्या, घरात पुरणपोळी झाली, आणि हा ताटावरून उठून गेला. मला वाटले, उन्हाचे झाले असेल. तीन दिवस तो असाच होता. तिसऱ्या रात्री माझ्याजवळ येऊन खाली मान घालून म्हणाला, "आई, तुझ्या पाटल्या थोड्या दिवसांसाठी देशील?"

मी उठून दिवा लावला आणि त्याचा चेहरा पाहिला. मग एकेक धागा उलगडत सारे बाहेर आले.

आता माझी चूक सांगते. ऐकल्याबरोबर मी त्याला फाडफाड बोलले. "बाप गेला आणि अक्कलही घेऊन गेला का?" असे शब्द माझ्या तोंडून गेले. तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणूनच तर सांगितले नव्हते." भगिनींनो, ते वाक्य माझ्या काळजात अजून सलते आहे. त्या तीन दिवसांत चोरांनी त्याला धरून ठेवले होते हे खरे, पण त्याच्या तोंडाला कुलूप घालण्यात माझ्या जिभेचाही वाटा होता.

सकाळी थोरल्या भावजींना बरोबर घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. पाय लटपटत होते. उलट आपल्यालाच आत टाकले तर, ही भीती. ठाण्यावरच्या अधिकाऱ्यांनी सारे ऐकून घेतले. मुलाला चार खडे बोल सुनावले, ते योग्यच होते. मग १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि आमचा जबाब घेतला. ज्या खात्यांत पैसे गेले होते त्यांपैकी एका खात्यात सोळा हजार शिल्लक सापडले, ते तिथेच गोठवले गेले. कित्येक महिन्यांनी न्यायालयाच्या हुकुमाने ते आम्हाला परत मिळाले. बाकीचे केव्हाच एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पसार झाले होते. अधिकारी म्हणाले, "बाई, त्याच दिवशी १९३० लावला असता तर आणखी हाती लागले असते." तीन दिवसांच्या गप्प बसण्याची किंमत आम्ही अशी मोजली.

या प्रकरणावर मी पुष्कळ विचार केला आहे. चोरांनी बंदूकच का निवडावी? साडी निकृष्ट निघाली तर आपण आरडाओरडा करतो, दुकानदाराच्या दारात जाऊन बसतो. पण विनापरवाना बंदूक मागवणारा कोणापाशी ओरडणार? त्याच्या स्वतःच्याच मनात चोर असतो. म्हणजे फसवणारे आपल्याला बंदूक विकतच नाहीत. ते आधी आपल्याकडून एक चूक करवून घेतात आणि मग तीच चूक आपल्यालाच पुन्हा पुन्हा विकतात. याला आपल्याकडे तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. त्यावर उपाय एकच, तोंडावरचा हात काढणे. कायद्याच्या दृष्टीने कोणाची किती चूक झाली ते पोलीस आणि न्यायालय पाहतील. परंतु वाट चुकलेल्याने दरोडेखोराला खंडणी देत राहावे, असे कोणताच कायदा सांगत नाही. वकिलाचा सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत साहाय्य मिळते, मग तिचे उत्पन्न कितीही असो.

आणि फोनवर अटक करणारा पोलीस खरा नव्हेच. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात हे देशाला स्पष्ट सांगितले. खरा पोलीस फोनवर पैसे मागत नाही आणि 'घरच्यांना सांगू नकोस' असेही म्हणत नाही. 'कोणाला सांगू नकोस' हे शब्द कानी पडले की समजावे, हा चोर आहे.

आता सरळ वाट कोणती ते थोडक्यात सांगते, म्हणजे वाकडी कोणती ते आपोआप कळेल.

बंदूक घ्यायची तर आधी परवाना, मग बंदूक. उलटे कधीच नाही. परवाना जिल्हाधिकारी कचेरीतून, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अधिकारात मिळतो. अर्जदार एकवीस वर्षांचा हवा, आणि पोलिसांचा अहवाल लागतो. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांची आहे. 'परवान्यासह बंदूक' असे कोणी म्हणाले तर ते 'नवऱ्यासह मंगळसूत्र' म्हणण्यासारखे आहे. परवाना दुकानात मिळत नाही आणि दलालाकडेही मिळत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात सुमारे २ लाख ७८ हजार परवाने अपात्र लोकांना दिले गेले, असा आरोप होऊन सी. बी. आय.ने त्याची चौकशी हाती घेतली. पैसे मोजून मिळालेला कागद खऱ्या शिक्क्याचा असला तरी उद्या गळ्यात येतो, हे यावरून ध्यानात घ्यावे.

परवाना हाती आला की सरकारमान्य शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात स्वतः जावे. बंदूक हातात घेऊन पाहावी, तिच्यावरचा क्रमांक वाचावा, तोच क्रमांक पावतीवर आणि परवान्यावर चढला आहे याची खात्री करावी. बंदूक ही घरपोच येणारी वस्तू नव्हे. पोस्टाने नाही, कुरिअरने नाही, रात्रीच्या गाडीने तर मुळीच नाही. दारू, छर्रे, काडतुसेही परवाना दाखवूनच घ्यायची.

विकायची असेल तर काय? कायद्याने परवानेदाराला आपली बंदूक दुसऱ्या परवानेदाराला विकता येते. पण आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे, घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यायचा, आणि त्यानंतर निदान पंचेचाळीस दिवस जाऊ द्यायचे. मगच बंदूक हातून सोडायची. घाईच्या माणसाला हे पंचेचाळीस दिवस फार वाटतात. मला विचाराल तर तेच आपले कुंपण आहे. 'आजच्या आज द्या, दोन हजार जास्त देतो' म्हणणारा गिऱ्हाईक खरा असूच शकत नाही.

आमच्या वाडीतल्या एका काकूंना असाच एक गिऱ्हाईक भेटला होता. त्यांच्या मुलाने जुनी बंदूक विकणे आहे म्हणून मोबाइलवर फोटो टाकला. लगेच फोन आला. "मी फौजेतला जवान आहे, आता सीमेवर आहे, गावच्या बागेसाठी बंदूक हवी." फौजेचे नाव ऐकून काकूंचे मन भरून आले, कारण त्यांचा भाऊ सैन्यात होता. त्या माणसाने चौकोनी ठिपक्यांचे एक चित्र पाठवले आणि म्हणाला, "हे मोबाइलने टिपा आणि पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील." पैसे आले नाहीत, होते तेच गेले. हे प्रत्येकीने गाठ मारून ठेवावे, की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो फक्त द्यायला. पदरात धान्य घ्यायचे असेल तर आपण कणगीची किल्ली दुसऱ्याला देतो का?

वारसांसाठीही एक गोष्ट सांगते. परवानेदार हयात असतानाही, तो सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या नियमांत ही सोय आहे. ज्यांचे सासरे किंवा वडील थकले आहेत त्यांनी वेळेवर हे केले, तर आमच्यासारखी दोन परवान्यांमधली पोकळी राहणार नाही. चोर शिरतात ते नेमके त्या पोकळीतून.

आणखी एक इशारा. बंदूक मिळत नाही म्हणून मुले मोबाइलवर पाहून नळीची बंदूक बनवतात किंवा मागवतात. नळीत कार्बाइड घालून पाणी टाकायचे आणि ठिणगी पाडून आवाज काढायचा. माकडे पळवायला स्वस्त उपाय म्हणून ती विकली जाते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळकडे, अशा नळ्यांनी शंभरावर मुलांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काहींची दृष्टी गेली. आंबा पुढच्या वर्षी पुन्हा धरेल, डोळा धरणार नाही.

हेही सांगायला हवे, की परवान्याची बंदूक असली तरी माकडा-वानरांवर ती रोखता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना अभय आहे. रानडुकराचा उपद्रव असला तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. नुकसान झाले तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज घालावा. तसेच लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढणे हाही २०१९ पासून गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. बंदूक म्हणजे आपल्या हाती आलेला जोर नव्हे, ती आपल्यावर ठेवलेली जबाबदारी आहे, असे सासरे म्हणत. तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचे बोलणे वाटे.

आता शेवटचे. आपल्या मंडळात भिशी आहे, भजन आहे, पापड-कुरडया आहेत. त्यात एका गोष्टीची भर घालावी अशी माझी सूचना आहे. ज्या घरात अशी फसवणूक होईल त्या घरातल्या बाईने इथे येऊन सांगावे, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकीनेही 'कशी बाई तुम्ही फसलात!' असे म्हणू नये. एकीने १९३० लावावा, एकीने बँकेत जावे, एकीने तिच्याबरोबर ठाण्यात जावे, आणि एकीने तिच्या घरी भात टाकावा. मी त्या सकाळी ठाण्याची पायरी चढताना बरोबर एखादी बाई असती तर किती धीर आला असता, हे माझे मलाच ठाऊक आहे.

आणि घरातल्या मुलांना आजच सांगून ठेवा, "चूक केलीस तरी आधी माझ्याकडे ये. रागवेन, पण नंतर." मी ते आमच्या मुलाला सांगितले आहे. त्याने हसून विचारले, "नंतर म्हणजे कधी?" मी म्हटले, "पैसे परत आल्यावर." त्या हिशेबाने अजून साडेअडतीस हजारांचे रागावणे बाकी आहे आणि ते बाकीच राहील असे दिसते.

आमची बंदूक अजून ठाण्यात जमा आहे. अर्जाची चौकशी झाली आहे, कागद पुढे सरकला आहे असे कळते. तोवर मुलगा पहाटे डबा वाजवीत बागेत जातो, आणि आता त्याच्या मागून चुलत घरातली दोन पोरेही जातात. तिघांचा मिळून आवाज बराच मोठा होतो. यंदा आंबा गेल्या वर्षापेक्षा अधिक राहील अशी आशा आहे.

 

— एक सभासद